फळी, चाकं आणि कट्टा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्केटबोर्डवर दोन पानांचा मजकूर गेला. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत, एकाच अर्थाचे एकत्र केले आहेत. रस्त्यावर बोर्ड चालवावा का, असं विचारणारे बरेच आहेत. त्या सगळ्यांना एकच उत्तर: गाड्या येतात-जातात त्या रस्त्यावर नाही.

आमच्या तरुणपणी स्केटबोर्ड फक्त अमेरिकन सिनेमात दिसायचा, तोही पोलिसांना चुकवून पळणाऱ्या पोरांच्या पायाखाली. आता तोच खेळ ऑलिंपिकमध्ये. मधे नेमकं काय घडलं?
– निवृत्त शिक्षक, पुणे

सर, हा खेळ एका दमात वर आलेला नाही. तीनदा गाजला आणि तीनदा बसला. प्रत्येक वेळी त्याला उठवलं किंवा बसवलं ते चाकाने, विम्याने किंवा कॅमेऱ्याने. फॅशनचा नंबर फार मागचा.

1950च्या दशकात कॅलिफोर्नियात लाटा नसल्या की सर्फिंगवाली मुलं रोलर स्केटची चाकं फळीला ठोकून फुटपाथवर घसरायची. चाकं आधी लोखंडी होती, मग 'क्ले'ची, म्हणजे कडक, ठिसूळ मिश्रणाची आली. 1963च्या सुमारास कंपन्या यात उतरल्या. मे 1965मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅक्गी बोर्डवर हातांवर उभी असलेली झळकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धंदा झोपला. क्लेचं चाक वाटाण्याएवढ्या खड्यावरही अडतं. बोर्ड जागेवर थांबतो आणि माणूस पुढे जातो. हात मोडलेल्या मुलांची रांग लागल्यावर बऱ्याच शहरांनी बंदी घातली.

1972-73मध्ये फ्रँक नॅसवर्दीने रोलर स्केटसाठी बनलेली पॉलियुरेथेनची चाकं बोर्डाला लावली आणि 'कॅडिलॅक' नावाने विकायला काढली. हे चाक खडा पोटात घेतं आणि वळणावर जमीन सोडत नाही. 1975मध्ये डेल मारच्या स्पर्धेत सांता मोनिकाच्या 'झेफर' दुकानाची पोरं सर्फिंगसारखी खाली वाकून, हात जमिनीला टेकवत चालवू लागली तेव्हा परीक्षकांना गुण कसे द्यावेत तेच कळेना. पुढे 1976-77चा कॅलिफोर्नियातला दुष्काळ आला. बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या गोल भिंतींवर ही मुलं चढू लागली. उभ्या भिंतीवरचं स्केटिंग तिथून वाढलं. त्यावर खाजगी स्केटपार्क निघाले, पण 1980च्या आसपास विम्याचे हप्ते परवडेनासे झाले आणि बहुतेक पार्क जमीनदोस्त झाले. नॉर्वेने तर 1978 ते 1989 स्केटबोर्डवर बंदीच घातली होती. तिकडची मुलं चोरून आणलेल्या बोर्डांसाठी जंगलात रॅम्प बांधायची.

उरलेल्यांनी आधी परसात लाकडी रॅम्प उभे केले. 1990च्या आसपास तेही थंडावलं तेव्हा खेळ रस्त्यावर आला: पायऱ्या, कठडे, बाकडी. आज ज्याला 'स्ट्रीट' म्हणतात तो हाच. सॅन फ्रान्सिस्कोचा एम्बार्काडेरो चौक, फिलाडेल्फियाचा लव्ह पार्क ही त्याची तीर्थक्षेत्रं. तेव्हा बातमी पसरायची हातोहात फिरणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींतून. 1995नंतर सोनीचा व्हीएक्स 1000 कॅमेरा आणि त्यावरची माशाच्या डोळ्यासारखी भिंग म्हणजे स्केटरांची ओळखच झाली. तुम्ही सिनेमात पाहिलीत ती याच काळातली पोरं.

त्याच 1995मध्ये एका क्रीडावाहिनीने 'एक्स गेम्स' सुरू केले. 27 जून 1999ला तिथे टोनी हॉकने पुन्हा पुन्हा पडून अखेर हवेत अडीच वळसे, म्हणजे '900', पुरे केले. त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम आला आणि ज्यांनी बोर्ड हातात धरला नव्हता त्यांनाही युक्त्यांची नावं पाठ झाली. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की 1998पासून कॅलिफोर्नियात लागू झालेल्या एका कायद्याने चौदा वर्षांवरच्यांसाठी स्केटबोर्डिंग 'धोक्याचा खेळ' ठरवला. म्हणजे हेल्मेटसारखे नियम लावून नगरपालिकेने पार्क बांधला आणि कोणी पडलं, तर दाव्याची टांगती तलवार बरीच कमी झाली. मग गावोगाव काँक्रीटचे पार्क झाले, आणि पार्क झाले तशी आई-बापांच्या गाडीतून उतरणारी मुलं आली. आमच्या मते टोनी हॉकच्या 900पेक्षा या कायद्याने खेळ जास्त वाढवला. फक्त कायद्याचा व्हिडिओ कोणी बघत नाही.

ऑगस्ट 2016मध्ये ऑलिंपिक समितीने होकार दिला. 2020चं टोकियो ऑलिंपिक 2021मध्ये झालं, त्यात पहिली पदकं दिली गेली.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. ऑनलाइन स्वस्तातला बोर्ड मागवला, तर दुसऱ्याच दिवशी चाकं जाम. दुकानदार म्हणतो, ताकद लावत नाही. आता कोणता घ्यावा?
– पालक, ठाणे

दुकानदाराचं ऐकू नका, ताई. खेळण्यातल्या बोर्डाला 'ट्रक' (चाकांचा आस धरणारा धातूचा भाग) प्लास्टिकचा किंवा पोकळ पत्र्याचा असतो, चाकंही कडक प्लास्टिकची. त्यावर मोठा माणूसही सरळ जाऊ शकत नाही, मूल तर स्वतःलाच दोष देत बसतं. खेळ सोडलेल्या निम्म्या मुलांनी खरा बोर्ड पाहिलेलाच नसतो.

दुकानात गेलात तर तीन गोष्टी करून बघा. फळीचं एक टोक फरशीवर हलकेच आपटा. मेपलच्या सात थरांची फळी 'टण्ण' वाजते, भुशाची किंवा पोचट लाकडाची 'बद्द' वाजते. सुटं चाक मिळालं तर ते गुडघ्याएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडा: युरेथेन उसळतं, प्लास्टिक खडखडून पडतं. आणि बोर्ड उलटा करून चाक बोटाने फिरवा. आवाज गुळगुळीत हवा. थोडा वेळच फिरलं तरी चालेल, नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस असतं. पण कचकच नको.

मापं अशी. अकराव्या वर्षी, उंची साडेचार फुटांच्या आसपास असेल तर फळीची रुंदी साडेसात इंच, उंच असेल तर पावणेआठ. मोठ्यांना 8 ते साडेआठ. लांबीकडे बघायची गरज नाही, रुंदीबरोबर ती आपोआप येते. ट्रकच्या आसाची एकूण लांबी फळीच्या रुंदीइतकीच हवी, पाव इंच इकडेतिकडे चालतं. आस फार बाहेर आला तर ढकलताना टाच चाकावर बसते. फार आत असला तर बोर्ड डगमगतो.

चाकांत खरी गोम आहे. दुकानवाले सगळ्यांना 52 मिलिमीटरची, 99ए कडकपणाची चाकं देतात. ती गुळगुळीत काँक्रीटच्या पार्कसाठी. तुमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर ती प्रत्येक सांध्यावर दात वाजवतील. 56 ते 58 मिलिमीटरची, 78ए ते 85ए अशी मऊ चाकं घ्या. मोठ्या चाकाला वळताना फळी घासू लागली तर ट्रकखाली आठवा भाग इंच जाडीची रबराची पट्टी (रायझर) घाला आणि तेवढेच लांब बोल्ट घ्या.

हत्यारांत तीन पाने पुरतात: चाकाच्या नटाला अर्धा इंची (13चा), ट्रकच्या मधल्या मोठ्या नटाला 9/16 (14चा), आणि फळीच्या आठ बोल्टांना 10चा, सोबत अ‍ॅलन की किंवा फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर. मधला नट पहिले पंधरा दिवस जरा घट्ट ठेवा, मग रोज पाव वळसा सैल करत जा. बोर्ड खांदा झुकवल्यावर वळला पाहिजे, नुसतं उभं राहिल्यावर नाही.

हेल्मेट सायकलचं चालेल का, असं अनेकांनी विचारलं आहे. सायकलचं हेल्मेट एका मोठ्या धक्क्यासाठी बनतं आणि डोक्याचा मागचा भाग कमी झाकतं. बोर्डवरून माणूस बरेचदा मागे पडतो. म्हणून मागे खाली उतरलेलं, स्केटबोर्डिंगचं प्रमाणपत्र असलेलं घ्या. भुवईवर दोन बोटं बसेल आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जाईल इतकं घट्ट. त्याच्याखालोखाल महत्त्वाचे मनगटाचे गार्ड, कारण पडताना हात सरळ करून टेकवण्याची प्रत्येकाची खोड असते आणि मनगट तिथेच मोडतं. कोपर वाकवून खांद्यावरून लोळायला शिकवा. गादीवर रोज दहा वेळा.

बेअरिंगवर एबेक 7, एबेक 9, एबेक 11 असं असतं. जास्त आकडा म्हणजे जास्त वेग ना?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

नाही. तो आकडा बेअरिंग किती काटेकोर मापाने बनवलं आहे ते सांगतो, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या यंत्रांसाठी ठरवलेला आहे. बोर्डाचं चाक तिथवर पोचत नाही. धूळ आणि नटाची पकड यांनी वेग जास्त जातो.

मी दहावीत आहे. दोन महिने झाले, ऑलीच जमत नाही. मागचं टोक आपटतं, आवाज येतो, पण बोर्ड वर येतच नाही. व्हिडिओ शंभर बघितले.
– कोल्हापूर

व्हिडिओत पाय दिसतात, वजन दिसत नाही. तुझी अडचण वजनाची आहे.

ऑली म्हणजे हात न लावता बोर्डसकट उडी. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेलफँडने ती वाडग्यासारख्या गोल भिंतींवर काढली, टोपणनाव 'ऑली' होतं म्हणून हे नाव. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलनने ती सपाट जमिनीवर आणली. आज रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या युक्त्या तिच्यावरच उभ्या आहेत, म्हणून दोन महिने गेले तरी ते वाया गेलेले नाहीत.

मागचा पाय शेपटीच्या (बोर्डाच्या मागच्या टोकाच्या) मधोमध, पण फक्त चवड्यावर, टाच हवेत. पुढचा पाय पुढच्या बोल्टांच्या दोन-तीन इंच मागे, किंचित तिरका. गुडघे वाकव, पाठ नाही. आता आधी उडी सुरू कर आणि उडीच्या टोकाला घोट्याने शेपटी ठोक. पाय शेपटीवर दाबून ठेवायचा नाही, तापलेल्या तव्यावर बोट लागल्यासारखा उचलायचा. तुझं इथेच चुकतंय असा आमचा अंदाज आहे. शेपटी जमिनीवर आदळून उसळली तरच बोर्ड उडतो, आणि तिच्यावर तुझं सगळं वजन बसलं असेल तर ती उसळणार कुठून?

बोर्ड तिरका उभा झाला की पुढचा पाय घोट्यात आत वळव आणि बुटाची बाहेरची कड ग्रिप टेपवरून (फळीवर चिकटवलेल्या खरखरीत कागदावरून) खरवडत पुढच्या टोकापर्यंत ने. हा घासणारा पाय बोर्डाला वर ओढतो. त्याच वेळी मागचा गुडघा छातीकडे घे. बोर्ड हवेत आडवा होतो तो मागच्या गुडघ्याने जागा दिली म्हणून. मग दोन्ही पाय बोल्टांवर घेऊन उतर. मधोमध उतरलास तर फळी मोडते.

बोर्ड रॉकेटसारखा उभाच राहत असेल तर पुढचा पाय पुढे जात नाही. हवेत आडवा वळत असेल तर तुझे खांदे वळतात, ते बोर्डाला समांतर ठेव. एकच पाय बोर्डवर आणि दुसरा जमिनीवर पडत असेल, तर ती भीती आहे. गवतावर किंवा जुन्या सतरंजीवर आठवडाभर कर, चाकं हलणार नाहीत. पण आठवडाभरच. उभ्याने शिकलेली ऑली चालत्या बोर्डावर पुन्हा शिकावी लागते. त्यापेक्षा चालण्याच्या वेगाने जात फरशीची एक रेघ ओलांडायला शिक, मग आडवी ठेवलेली काठी.

बूट सपाट तळाचे हवेत. धावण्याच्या बुटाची टाच जाड आणि मऊ असते, पायाखाली बोर्ड कळत नाही. करंगळीच्या बाजूला महिन्या-दोन महिन्यांत भोक पडेल. ते पडायच्या आधी मोच्याकडून तिथे चामड्याचा तुकडा चिकटवून घे.

सोसायटीच्या बागेतल्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर पोरं बोर्ड घासतात. कडा काळी पडली, दोन ठिकाणी टवका उडाला. लोखंडी खुंट्या बसवाव्यात असं समितीचं मत आहे. उपाय सुचवा.
– सचिव, गृहनिर्माण संस्था, नाशिक

खुंट्या बसतात, त्यांनी घासणं थांबतंही. पण मग पोरं पुढच्या कट्ट्याकडे जातात. जगभरचा अनुभव हाच. फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कमध्ये बंदी आली तेव्हा ज्यांच्या कल्पनेतून तो चौक उभा राहिला ते नगररचनाकार एडमंड बेकन 2002मध्ये, ब्याण्णव उलटलेल्या वयात, निषेध म्हणून स्वतः बोर्डवर उभे राहिले. लंडनच्या साउथबँकला 2013मध्ये स्केटरांची जागा काढून तिथे दुकानं करायचं ठरलं होतं. मोहीम झाली आणि 2014मध्ये जागा राखली गेली. पोर्टलंडमध्ये बर्नसाइड पुलाखाली मुलांनी 1990मध्ये विनापरवाना काँक्रीट ओतायला सुरुवात केली, नंतर शहराने त्याला मान्यता दिली.

तुमच्याकडे एखादा रिकामा कोपरा असेल, साधारण 70 बाय 20 फूट, तर दुसरा कट्टा त्यांच्यासाठी बांधा. या मुलांचा ओढा चांगल्या कट्ट्याकडेच असतो. कंत्राटदाराला हे सांगा.

नाशिकची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, वरचं काँक्रीट तिच्याबरोबर फुटतं. म्हणून ती काढून मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा. त्यावर चार इंच जाडीचं एम-25 काँक्रीट, आत सळईची जाळी. उतार दहा फुटांना सव्वा इंच, एकाच बाजूला, कट्ट्याच्या लांबीला आडवा. उतार नसेल तर पाणी साचून शेवाळ धरेल आणि ऑक्टोबरपर्यंत जागा बंद. लांबीच्या दिशेने दिला तर पोरं एकाच बाजूने वेगात येतील.

पृष्ठभागावर गवंडी सवयीने झाडूची नक्षी काढतात, ती नको. पॉवर ट्रॉवेलने गुळगुळीत करून घ्या. पण वर सिमेंटची पूड भुरभुरवू देऊ नका, तो थर वर्षात पापुद्र्यासारखा सुटतो. किमान सात दिवस पाणी मारा, चौदा दिवस मारलंत तर उत्तम. सांधे कटरने तीन-चार मिलिमीटर रुंद कापून लगेच सीलंटने सपाट भरा. उघडा सांधा म्हणजे 52 मिलिमीटरच्या चाकासाठी गटारच.

कट्टा आठ फूट लांब, दोन फूट रुंद. शिकणाऱ्यांसाठी उंची 12 इंच. दुसरा बांधलात तर 16. कडेला 50 बाय 50चा, 6 मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल. अँगलला आतून दर दोन फुटांवर होल्डफास्ट वेल्ड करून तो काँक्रीट ओतण्याआधीच साच्यात बसवायचा. नंतर स्क्रूने बसवलेला अँगल महिन्यात हलतो आणि त्याच्या फटीत ट्रक अडकला की मुलाचे दात जातात. वेल्डिंगच्या गाठी ग्राइंडरने साफ करा, अँगलची दोन्ही टोकं गोल करा. कट्ट्याच्या अलीकडे आणि पलीकडे पंचवीस-तीस फूट मोकळी सपाट जागा ठेवा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, आणि मग कट्टा कुंपणाला लागून उभा राहतो.

ग्रॅनाइटवरचा काळा डाग म्हणजे मेण, त्यावर चढलेली धूळ आणि ट्रकचं अ‍ॅल्युमिनियम. घसरावं म्हणून मुलं मेणबत्ती घासतात. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून केरोसीनच्या फडक्याने पुसा. आवाजाची तक्रार येणारच. दुपारी दोन ते चार आणि रात्री आठनंतर बंद, असा नियम मुलांनाच लिहायला सांगा. त्यांनी लिहिलेला ते पाळतात.

मी पंधरा वर्षं बोर्ड चालवतो. आता मॉलमध्ये प्रत्येकाच्या अंगात स्केट ब्रँडचा टी-शर्ट आहे आणि पायात एकाच्याही बोर्ड नाही. हा खेळ विकला गेला असं वाटतं.
– मुंबई

तक्रार जुनी आहे. व्हॅन्स या बुटांच्या कंपनीची सुरुवात 1966ची, कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमची. जाड रबरी तळ बोर्डाला चिकटतो म्हणून पोरांनीच तो बूट उचलला, कंपनीने मागून ओळखलं. सुप्रीम या स्केट ब्रँडचं दुकान 1994मध्ये न्यूयॉर्कच्या लाफायेट रस्त्यावर उघडलं तेव्हा कपडे भिंतींना टांगून मधली जागा मोकळी सोडली होती, बोर्डवरूनच आत यावं म्हणून. 2020मध्ये तेच सुप्रीम, व्हॅन्स ज्यांच्याकडे आहे त्या कंपनीने 210 कोटी डॉलरला घेतलं आणि 2024मध्ये 150 कोटींना एका चष्मे बनवणाऱ्या कंपनीला विकलं. नायकेने 1990च्या दशकात पहिला प्रयत्न केला तेव्हा स्केटरांनी ढुंकून पाहिलं नाही. 2002मध्ये ते पुन्हा आले, या वेळी छोट्या स्केट दुकानांमार्फत, आणि टिकले.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे: टी-शर्टचा पैसा फळ्या बनवणाऱ्यांकडे फिरकत नाही. गावातलं स्केटचं दुकान फळी विकून जगत नाही, बूट आणि कपडे विकून जगतं. ते ऑनलाइन गेले की दुकान बंद, आणि नव्या मुलाला ट्रक बसवून दाखवणारा माणूस गेला. भारतात तर अशी दुकानं आधीच बोटावर मोजण्याइतकी. तेव्हा टी-शर्टवाल्यांवर चिडण्यापेक्षा पुढची फळी त्या दुकानातून घ्या. ऑनलाइनपेक्षा चार पैसे जास्त गेले तरी.

ऑलिंपिकमध्ये याला गुण कसे देतात? आणि इतक्या लहान मुली कशा जिंकतात?
– सातारा

दोन प्रकार आहेत. 'पार्क'मध्ये वाडग्यासारख्या खोलगट जागेत 45 सेकंदांच्या तीन फेऱ्या, सर्वोत्तम एक धरतात. 'स्ट्रीट'मध्ये पायऱ्या, रेल (लोखंडी कठडे), कट्टे असतात. पॅरिसला 2024मध्ये 45 सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि पाच सुट्या युक्त्या होत्या. फेरीतली चांगली एक आणि युक्त्यांतल्या चांगल्या दोन, प्रत्येकी शंभरपैकी, अशी 300ची बेरीज. पडलात की त्या युक्तीला शून्य.

म्हणूनच अंतिम फेरी शेवटच्या क्षणापर्यंत उघडी राहते. पॅरिसला जपानचा युतो होरिगोमे शेवटच्या प्रयत्नापर्यंत पदकाबाहेर होता. त्याने बोर्डाच्या पुढच्या टोकावरून उडी घेतली, हवेत पाऊण वळसा घेऊन शेपटी रेलवर टाकली, घसरत खाली आला: 97.08. एकूण 281.14. दुसऱ्या आलेल्या अमेरिकेच्या जॅगर ईटनचे 281.04. सुवर्ण आणि रौप्य यांत एक दशांश.

मुलींबद्दल. टोकियोत स्ट्रीटचं सुवर्ण जपानच्या मोमिजी निशियाने तेराव्या वर्षी घेतलं, रौप्य ब्राझीलच्या रायसा लेयालने, तीही तेराचीच. कारण बरंचसं शरीराचं आहे. वजन कमी, त्यामुळे पडण्याचा मार कमी, आणि गुरुत्वमध्य खाली. दुसरं असं, की मुलींसाठी मोठ्या स्पर्धा आणि बक्षिसं उशिरा आली, त्यामुळे अनुभवी मोठ्या खेळाडूंची फळी मुलांच्या मानाने विरळ होती. ही दरी दर वर्षी बुजते आहे, तेव्हा तेराव्या वर्षीचं सुवर्ण पुढे दुर्मीळ होईल असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडे 2022च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचं सुवर्ण घेतलं. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार गावात 2015मध्ये उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी पार्क बांधला, तिथे दोनच नियम लावले: शाळा नाही तर बोर्ड नाही, आणि मुली आधी. स्पर्धेत उतरायचं असेल तर भारतीय रोलर स्केटिंग महासंघाच्या राज्य शाखेकडे नोंदणी करावी लागते. स्केटबोर्डिंग त्यांच्याच छत्राखाली आहे.

कोकणात जूनपासून बेअरिंग गंजतात. खोबरेल तेल घातलं तर थंडीत चाक फिरेना. काय करावं?
– रत्नागिरी

खोबरेल थंडीत थिजतं, वर धूळ धरतं. गंज सोडवायचा स्प्रेही नको: तो उरलंसुरलं वंगण धुऊन नेतो आणि उडून जातो, दोन दिवसांनी कोरडं बेअरिंग किंचाळू लागतं.

चाकाचा नट काढा. चाक आसाच्या टोकावर अर्धवट अडकवून तिरकं पिळा, बेअरिंग स्वतःहून बाहेर येतं. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, बाजूचं झाकण वाकतं. रबरी झाकण टाचणीने उचला. आठही बेअरिंग झाकणाच्या बाटलीत टाकून बुडतील इतकं आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला, पाच मिनिटं हलवा. द्रव काळा झाला तर ओतून पुन्हा एकदा. पेट्रोलने रबर फुगतं आणि आगीचा धोका वेगळाच. मग लगेच पंख्याखाली फडक्यावर पसरा, अर्ध्या तासाने शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. तिसरा नाही, जास्तीचं तेल वाळू ओढतं.

बोटावर फिरवताना खरखर लागली तर गोळ्यांना खड्डे पडलेत, ते बेअरिंग टाकून द्या. नवं घ्यायला मुंबईहून मागवायची गरज नाही. मोटारीच्या किंवा पंपाच्या सामानाच्या दुकानात '608' मागा: आत 8, बाहेर 22, जाडी 7 मिलिमीटर. त्यात '2आरएस' लिहिलेलं घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी झाकण. पत्र्याच्या झाकणाचं 'झेडझेड' तुमच्याकडच्या हवेत टिकत नाही. आत ग्रीस असल्याने पहिला आठवडा जड वाटेल.

परत बसवताना क्रम: वॉशर, बेअरिंग, मधली नळी, बेअरिंग, वॉशर, नट. नट पूर्ण आवळून पाव वळसा मागे घ्या. चाक हाताने आत-बाहेर किंचित हललं पाहिजे. फळी भिजली असेल तर उन्हात ठेवू नका, थर सुटतात. घरात भिंतीला उभी टेकवून दोन दिवस वाळवा आणि मग टोक फरशीवर आपटून बघा. 'बद्द' वाजली तर त्या फळीची उसळी गेली. सरळ चालवायला ठेवा, ऑलीसाठी नवी लागेल.